मधमाशी पेटी ओळखीत नाहीं, जागा ओळखते

गाडीवानास डुलकी लागली तरी बैल गाडी बरोबर आपल्या गोठ्यापुढें आणून उभी करितात, ही गोष्ट शेतकऱ्यास नवी नाहीं. कोणत्या आंब्यापाशीं वळावयाचें, कोणत्या उतारावरून ओढ्यांत उतरावयाचें, हें त्या मुक्या जनावरांच्या ध्यानांत पक्कें बसलेलें असतें. चालतांना जवळच्या वस्तु पाहून आपण कोठें आहों व पुढें कोणीकडे वळावयाचें हें ठरविण्याची ही शक्ति गुराढोरांपुरतीच आहे असें मात्र नाहीं. जिचा मेंदू मोहरीच्या दाण्याएवढा, त्या मधमाशीच्या अंगींही ती आहे. आणि शेतकऱ्याच्या नफ्यानुकसानीशीं तिचा फार निकट संबंध आहे.

सूर्यफूल, कांद्याचें बियाणें, डाळिंब, काकडी-भोपळ्यासारखीं वेलाचीं पिकें, यांस बी व फळ धरण्याच्या कामीं मधमाश्यांचें साहाय्य होतें, हें आतां बहुतेक शेतकऱ्यांस मान्य झालें आहे. त्यामुळें भाड्यानें पेट्या आणून शेतांत ठेवण्याची चाल वाढत आहे. परंतु पेट्या आणल्यावर चार-सहा दिवसांत माश्या रोडावल्या, पेटी हलकी झाली व फुलांवर माशी दिसेनाशी झाली, अशी तक्रारही वारंवार ऐकूं येते. शेताचा मालक पेटीवाल्यास दोष देतो, पेटीवाला फवाऱ्यास दोष देतो. यांपैकीं कोणाचें तरी म्हणणें कधीं कधीं खरेंही असतें. परंतु पुष्कळ वेळां कारण तिसरेंच असतें. पेटी नांगराच्या किंवा पाण्याच्या आड येते म्हणून कोणी तरी ती भर दिवसां उचलून वीस-पंचवीस पावलें बाजूस ठेविलेली असते. एवढ्याशा गोष्टीनें काय बिघडतें, हें समजण्यास माशी वाट कशी काढते हें आधीं समजलें पाहिजे. तोच आजच्या पाठाचा विषय होय.

दूरची दिशा व जवळची खूण

घर सोडून फुलांकडे जावयाचें व परत यावयाचें, यांत माशीस दोन निरनिराळीं कामें करावीं लागतात. एक, दिशा धरणें. दुसरें, नेमक्या जागीं पोंचणें. दिशा धरण्याच्या कामीं सूर्य हा तिचा मुख्य आधार आहे. सूर्य ढगाआड गेला तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा दिसला म्हणजे त्यांतील प्रकाशाच्या विशिष्ट ठेवणीवरून सूर्य कोठें असावा हें तिला कळतें. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनीं हें सिद्ध केलें. माश्या पोळ्यावर नाच करून आपल्या सोबतिणींस फुलांची दिशा व अंतर कळवितात, हेंही त्यांनींच उलगडून दाखविलें. आणि १९७३ सालीं या कामाबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु सूर्य दिशा दाखवितो, दार दाखवीत नाहीं. आपण रात्रीं ध्रुवाकडे पाहून गांवाची दिशा धरूं. पण गांवांत शिरल्यावर आपलें घर सांपडण्यास पिंपळाचा पार, विहीर, शेजाऱ्याचा वाडा, हींच उपयोगीं पडतात. माशीचेंही तसेंच आहे. हजार पावलांवरून येतांना दिशेंत किंचित् चूक झाली तरी ती पेटीपासून बरीच बाजूला येऊन पडेल. ही चूक भरून काढण्याचें काम जवळच्या खुणा करितात. झाड, खांब, दगडांचा ढीग, गोठ्याची भिंत, बांधाचें टोंक, या सर्व वस्तु माशीच्या दृष्टीनें गांवांतील पारासारख्याच आहेत.

गांधीलमाशीचा दाखला

जवळच्या खुणांचें सामर्थ्य अत्यंत स्पष्टपणें दाखविणारे प्रयोग हॉलंडांतील निको टिनबर्गेन यांनीं एका शिकारी गांधीलमाशीवर केले व ते १९३२ सालीं प्रसिद्ध झाले. ही माशी वाळूंत बीळ करिते, मधमाश्या पकडून त्यांत नेते व आपल्या पिल्लांस खावयास घालते. शिकारीस निघतांना ती बिळाचें तोंड वाळूनें बुजवून टाकते. आसपास दुसऱ्या माश्यांचीं अशींच पुष्कळ बिळें असतात. तरी परत आल्यावर ती नेमकी आपल्याच बिळावर उतरते. तें कसें?

माशी बिळांत असतां टिनबर्गेन यांनीं बिळाभोंवतीं चिडाच्या झाडाचीं सुकीं बोंडें वर्तुळाकार मांडून ठेविलीं. माशी बाहेर आली, बिळाभोंवतीं घिरट्या घालून तिनें जागा न्याहाळली व ती शिकारीस गेली. ती गेल्यावर बोंडांचें तें कडें तसेंच्या तसें उचलून सुमारें एक फूट बाजूस मांडलें. माशी शिकार घेऊन परत आली ती सरळ कड्याच्या मध्यभागीं उतरली आणि जेथें बीळ नव्हतें तेथें बीळ शोधूं लागली. खरें बीळ एका फुटावर होतें, पण तें तिला सांपडेना. बोंडें मूळ जागीं ठेवितांच तें तिला तात्काळ सांपडलें.

बोंडांच्या वासावरून तर ती येत नसेल? ही शंका फेडण्यासाठीं चिडाच्या तेलाचा वास लाविलेले पुठ्ठ्याचे तुकडे निराळे ठेवून पाहिले. माशी वासाकडे न जातां बोंडांकडेच गेली. मग बोंडांचा त्रिकोण केला व दगडांचें वर्तुळ केलें. तेव्हां माशी दगडांच्या वर्तुळाकडे गेली. अर्थात् खूण कशाची केलेली आहे यापेक्षां ती कशी मांडलेली आहे, हें तिनें ध्यानांत ठेविलें होतें. पुढें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असेंही दिसलें कीं, जमिनीवर सपाट पडलेल्या वस्तूपेक्षां उभी, उंचवट्याची वस्तु माशी खूण म्हणून अधिक पसंत करिते.

या दाखल्यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध हा कीं, येथें बीळ हललें नव्हतें, केवळ खुणा हलल्या होत्या. तरी माशीचें घर हरवलें. मग जेथें खुणा जागच्या जागीं आहेत आणि घरच उचलून नेलेलें आहे, तेथें काय होईल हें निराळें सांगावयास नको. माशी खुणांच्या मध्यें येऊन पोंचेल आणि तेथें घर नसेल.

माशीच्या डोळ्यांतील चित्र

माशी खुणा ध्यानांत ठेविते म्हणजे नेमकें काय ठेविते? १९८३ सालीं इंग्लंडांतील कार्टराइट व कॉलेट या दोघांनीं याचा छडा लाविला. एका मोकळ्या खोलींत काळा उभा नळकांडा ठेवून त्यापासून ठराविक अंतरावर साखरेच्या पाण्याची वाटी ठेविली व मधमाश्यांस तेथें येण्याची संवय लाविली. मग वाटी काढून टाकली आणि नळकांडा बदलला. मोठा नळकांडा ठेवितांच माश्या पूर्वीपेक्षां दूरवर वाटी शोधूं लागल्या. लहान ठेवितांच जवळ शोधूं लागल्या. नळकांडा डोळ्यांस पूर्वींएवढाच दिसावा असें जें अंतर, तेथें जाऊन त्या घुटमळत होत्या. एकाऐवजीं तीन नळकांडे मांडले असतां, ते तिन्ही पूर्वींच्याच दिशांस दिसतील अशा जागीं त्या शोध करीत.

यावरून असें दिसतें कीं, माशी जागेचें एक चित्र डोळ्यांत साठवून ठेविते. आणि परत आल्यावर समोरचा देखावा व आंतील चित्र हीं जुळेपर्यंत पुढें-मागें सरकत राहते. चित्र जुळलें कीं तिच्या मतें घर आलें. त्या चित्रांत पेटीचा वांटा थोडा. पेटीच्या भोंवतालच्या वस्तूंचा वांटा मोठा. म्हणूनच आम्ही या पाठास "मधमाशी पेटी ओळखीत नाहीं, जागा ओळखते" असें नांव दिलें आहे. अगदीं दाराशीं आल्यावर पेटीचा रंग, दाराचा आकार व आपल्या वसाहतीचा वास यांचा तिला उपयोग होतो. पण तेथवर येऊन पोंचली तर!

जेथें खुणाच नाहींत तेथें

आफ्रिकेच्या उत्तरेस ट्युनिशिया देशांत मिठाचीं विस्तीर्ण सपाट मैदानें आहेत. त्यांत राहणारी एक मुंगी भक्ष्य शोधीत बिळापासून फार दूरवर जाते. मैदानाच्या कडेस झुडपें आहेत, तेथें तिच्या बिळावर मातीचा उंचवटा फारसा नसतो. परंतु मैदानाच्या मध्यभागीं, जेथें नजर ठरावी असें कांहींच नाहीं, तेथें बिळांवर उंच वारुळें आढळतात. शास्त्रज्ञांनीं हीं वारुळें मोडून पाहिलीं, तेव्हां परतणाऱ्या मुंग्यांपैकीं पुष्कळांस घर सांपडेना. आणि आंतल्या मुंग्या लागलीच वारूळ पुन्हां उभारूं लागल्या. मात्र बिळाजवळ काळे नळकांडे खूण म्हणून उभे केले, तेथें वारूळ बांधण्याची खटपट बरीच कमी झाली. हे प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. जवळची खूण ही घराइतकीच मोलाची वस्तु आहे आणि नसल्यास ती उभारावी लागते, हें त्या किड्यास कळतें. सपाट रानांत एका रांगेंत पेट्या मांडून ठेवणाऱ्या मनुष्यानें तितकें शहाणपण दाखविण्यास हरकत नसावी.

सरकत्या देखाव्यावरून अंतर मोजणें

जवळच्या वस्तूंचा उपयोग केवळ थांबण्याच्या जागीं होतो असें नाहीं. उडतां उडतांही होतो. आगगाडींत बसलें असतां रुळाजवळचीं झाडें झपाट्यानें मागें पळतात व दूरचा डोंगर सावकाश सरकतो, हें सर्वांनीं पाहिलें आहे. मधमाशी हाच नियम उपयोगांत आणिते. बंगळुरास शिक्षण घेऊन पुढें ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें काम केलेले मंड्यम श्रीनिवासन् यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माश्यांस अरुंद बोगद्यांतून उडावयास लाविलें. बोगद्याच्या दोन्ही भिंतींवर उभे पट्टे काढलेले होते. माश्या बरोबर मधून उडत. मग एका बाजूचे पट्टे माशीच्या उडण्याच्या दिशेनेंच सरकते केले. त्यामुळें त्या बाजूचा देखावा तिला सावकाश मागें जातांना दिसूं लागला, आणि ती भिंत दूर आहे असें समजून माशी तिच्या जवळून उडूं लागली. हे प्रयोग १९८९ सालीं प्रसिद्ध झाले.

२००० सालचा प्रयोग तर अधिकच नवलाचा आहे. सुमारें सहा मीटर लांबीच्या, बारीक नक्षी काढलेल्या अरुंद बोगद्यांतून खाद्य घेऊन आलेल्या माश्या पेटींत परतल्यावर असा नाच करूं लागल्या कीं, जणुं त्या दोनशें मीटरांच्या आसपास अंतर तोडून आल्या आहेत. भिंती अगदीं जवळ असल्यामुळें देखावा झपाट्यानें पळाला व माशीनें तें अंतर फार मानलें. त्याच बोगद्यांत पट्टे आडवे, म्हणजे लांबीच्या दिशेनें काढले, तेव्हां देखावा पळतांना दिसेना आणि माश्यांनीं तेंच अंतर अगदीं थोडें म्हणून सांगितलें. सारांश, माशी पंखांच्या श्रमावरून अंतर मोजीत नसून डोळ्यांपुढून किती देखावा गेला यावरून मोजते.

बांध, पाट व झाडांच्या रांगा

सूर्य एक दिशा सांगतो व जमिनीवरची खूण दुसरी सांगते, अशा वेळीं माशी कोणाचें ऐकते? फॉन फ्रिश व लिंडाउअर यांनीं १९५४ सालीं याचा निर्णय लाविला. रानाच्या कडेकडेनें खाद्याकडे जाण्यास शिकलेल्या माश्यांची पेटी त्यांनीं दुसऱ्या ठिकाणीं नेली. तेथें रानाची कड निराळ्या दिशेस जात होती. माश्यांपैकीं बहुतेक सूर्य सोडून रानाच्या कडेनेंच उडत गेल्या. मात्र रानाची कड त्यांच्या वाटेपासून बरीच दूर असेल तर त्या सूर्याचेंच ऐकत. जवळची लांबट खूण ही माशीची पायवाट होय, असें यावरून म्हणतां येईल.

जर्मनींतील आणखी एक प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या माश्यांच्या मुलुखांत शेताच्या पाण्याचे समांतर पाट होते, त्यांस अंगावर बारीक यंत्र चिकटवून अनोळखी रानांत सोडलें व त्यांच्या वाटेचा शोध घेतला. त्या अनोळखी रानांतही त्यांनीं तशाच लांबट रेषा शोधल्या व त्यांच्या अनुरोधानें घर धुंडाळलें. आपल्याकडील ताली, पाट, ओढे, निरगुडीचीं वा शेराचीं कुंपणें, हीं सर्व अशाच प्रकारचीं आहेत. फुलोऱ्याच्या दिवसांत कुंपण तोडणें, बांधावरचीं झाडें एकदम साफ करणें, हीं कामें शक्य तर पुढें ढकलावीं, असें आम्हांस यावरून सुचतें.

झाडांच्या रांगांचाही येथेंच विचार करूं. बागेंत किंवा सरी-वरंब्याच्या पिकांत माशी बहुधा एका रांगेंतून पुढें पुढें जाते, रांगा ओलांडून आडवी फारशी जात नाहीं. ज्या पिकांत नर-ओळी व मादी-ओळी निराळ्या ठेवून संकरित बियाणें घेतात, तेथें ही संवय आड येते. नर-ओळी फार दूर दूर ठेविल्या तर पराग मादी-ओळींत कमी पोंचतो. ओळींचें प्रमाण ठरवितांना हें लक्षांत घेतलें पाहिजे. बियाणें कंपनीनें सांगितलेल्या ओळी मोडून आपल्या सोईनें बदल करणें घातक होय, त्याचें एक कारण हें आहे.

वाट शिकण्याची वेळ

ही सर्व विद्या माशी जन्मतः घेऊन येत नाहीं. ती तिला मिळवावी लागते. कामकरी माशी पहिले सुमारें तीन आठवडे बहुतेक पेटींतच पिल्लांची व पोळ्याची कामें करिते. याच काळांत कांहीं दिवस ती दुपारच्या उन्हांत थोडा वेळ बाहेर पडते. तोंड पेटीकडे करून प्रथम दारासमोर डावी-उजवीकडे झुलते, मग मोठमोठे फेरे घेत दूर जाते. पुष्कळ माश्या एकाच वेळीं असें करूं लागल्या म्हणजे नवख्या मनुष्यास मोहोळ उठलें असें वाटतें. पण ती माश्यांची शाळा भरलेली असते. इंग्लंडांत रडार यंत्राच्या साहाय्यानें केलेल्या व २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें दिसलें कीं, अनुभव वाढेल तशी माशी या उड्डाणांत अधिक वेगानें व अधिक दूर जाते. आणि प्रत्येक उड्डाणांत बहुधा रानाचा एकच अरुंद पट्टा पाहून येते. एकेक पट्टा जोडून ती आपल्या मुलुखाचा नकाशा पुरा करिते.

म्हणून पेटींतील सर्वांत वयस्क माश्या, ज्या मकरंद व पराग आणितात, त्याच वाटा जाणणाऱ्या असतात. हंगामांत एका कामकरी माशीचें आयुष्य अवघें सहा आठवड्यांच्या आसपास. पेटी हलवून या माश्या गमावल्या तर त्यांची जागा भरून निघावयास आंतील तरण्या माश्यांस बाहेरचें काम शिकावें लागतें, आणि तोंवर शेतांतील फुलोरा ओसरून जातो. शेतकऱ्याचें भाडें वायां जातें, पेटीवाल्याची वसाहत खचते. दोघांचेंही नुकसान एकाच कारणानें होतें.

पेटी हलवितांना घ्यावयाची काळजी

येथवर सांगितलेल्या गोष्टींवरून पुढील नियम सहज निघतात.

पहिला नियम. थोड्या अंतरावर पेटी न्यावयाची असेल तर ती एकदम नेऊं नये. दररोज संध्याकाळीं सर्व माश्या परतल्यावर एक-दीड फूटच सरकवावी. एवढ्या फरकांत जुनें चित्र व नवा देखावा यांत मेळ राहतो व माशी घर शोधून काढते. पाऊस वा थंडी यांमुळें ज्या दिवशीं माश्या बाहेर पडल्या नसतील, त्या दिवशीं सरकविणें मोजूं नये.

दुसरा नियम. दूर न्यावयाची असेल तर माशीच्या ओळखीच्या मुलुखाच्या पार बाहेर न्यावी. आपली देशी सातेरी माशी बहुधा एक-दीड किलोमीटरच्या आंत वावरते. तिची पेटी तीन किलोमीटरांच्या पलीकडे न्यावी. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी, अधिक दूर जाते. तिच्याकरितां पांच किलोमीटर अंतर धरावें. याहून जवळ नेल्यास माशी उडत उडत ओळखीच्या खुणांपाशीं येते आणि त्या खुणा तिला जुन्या जागीं घेऊन जातात. पेटी पांचशें पावलांवर नेणें हें पांच फुटांवर किंवा पांच किलोमीटरांवर नेण्यापेक्षां अधिक धोक्याचें आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विचित्र वाटते. पण कारण कळल्यावर ती वावगी वाटणार नाहीं. मधल्या एखाद्या जागीं नेणें अटळ असेल, तर पेटी आधीं दूरच्या रानीं कांहीं आठवडे ठेवून मग तेथें आणावी.

तिसरा नियम. दार बंद करणें तें अंधार पडून सर्व माश्या आंत आल्यावर. वाहतूक रात्रींच उरकावी, पेटींत वारा खेळता ठेवावा आणि नव्या जागीं पोंचल्यावर पेटी स्थिर बसल्यानंतरच दार उघडावें. दारापुढें पाल्याची एक फांदी आडवी ठेवावी. बाहेर पडणाऱ्या माशीस अडथळा होतो, कांहीं तरी बदल झाला आहे हें तिच्या ध्यानांत येतें, ती मागें वळून जागा न्याहाळते व नवें चित्र साठविते. फांदी दोन-तीन दिवसांनीं काढावी.

चौथा नियम. पेट्या पिकास फुलोरा येऊं लागल्यावर आणाव्या, फार आधीं आणूं नयेत. आधीं आणलेल्या माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांच्या वाटा शिकून बसतात, आणि एकदां पाठ झालेली वाट माशी सहसा सोडीत नाहीं.

पांचवा नियम. पेटीची जागा ठरवितांना नांगर, पाणी, गाडीवाट यांचा विचार आधींच करावा, म्हणजे मागाहून हलविण्याचा प्रसंग येणार नाहीं. सातेरी माशी त्रास झाल्यास घर टाकून निघून जाण्यास फार तत्पर असते, हेंही विसरूं नये.

पेट्यांची मांडणी व रंग

एकाच रंगाच्या पेट्या एका सरळ रांगेंत, दारें एकाच दिशेस करून मांडल्या, म्हणजे पाहणाऱ्यास शोभा दिसते. पण माश्यांची दिशाभूल होते. बऱ्याच माश्या शेजारच्या पेटींत शिरतात, विशेषतः रांगेच्या टोंकाच्या पेट्यांत गर्दी होते व मधल्या पेट्या दुबळ्या पडतात. घर चुकलेल्या माशीबरोबर रोगही एका पेटींतून दुसरींत जातो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतांत थाई सॅकब्रूड या रोगानें सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला. तेव्हां रोग पसरण्याची एक वाट जर मांडणी बदलून बिनखर्चानें अरुंद करतां येत असेल, तर ती कां करूं नये?

पेट्या अर्धचंद्राकार किंवा दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनीं मांडाव्या. दारांच्या दिशा थोड्या थोड्या बदलाव्या. प्रत्येक गटाजवळ एखादें झुडूप, दगडांची रास किंवा उभा खांब असावा. उभी खूण सपाट खुणेहून चांगली, हें वर आलेंच आहे. रंग द्यावयाचे तर पांढरा, पिवळा, निळा असे निवडावे. माश्यांस रंग दिसतात हें फॉन फ्रिश यांनीं १९१४ सालींच दाखविलें होतें. परंतु तांबडा रंग त्यांस रंग म्हणून दिसत नाहीं, तो काळ्यासारखा भासतो. तेव्हां शेजारी शेजारी एक तांबडी व एक काळी पेटी ठेविल्यानें आपल्या डोळ्यांस फरक दिसेल, माशीस दिसणार नाहीं.

फवारा आणि वाट विसरणें

फवाऱ्यानें माश्या मरतात हें सर्वांस ठाऊक आहे; पण न मरतांही त्या नाहींशा होतात, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. फ्रान्समध्यें थायामेथॉक्झाम या औषधाची प्राण न घेणारी अल्प मात्रा माश्यांस साखरेच्या पाण्यांतून देऊन, त्यांच्या पाठीवर बारीक खुणेचे तुकडे चिकटवून त्यांस पेटीपासून दूर सोडलें. औषध न दिलेल्या माश्यांच्या मानानें औषध दिलेल्या माश्यांपैकीं अधिक माश्या परतल्या नाहींत. आणि ज्यांस अनोळखी जागीं सोडलें होतें त्यांच्यांत ही हानि अधिक दिसली. हें संशोधन २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. युरोपीय संघानें या वर्गांतील तीन औषधांचा उघड्या शेतांतील उपयोग २०१८ सालीं बंद केला.

विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, अशा वेळीं पेटीपुढें मेलेल्या माश्यांचा खच पडत नाहीं. माशी दूर कोठें तरी वाट चुकून संपते, आणि शेतकरी म्हणतो, "माझ्या फवाऱ्यानें एकही माशी मेली नाहीं." भाड्यानें नुकत्याच आणलेल्या पेट्यांतील माश्या तर त्या रानास नवख्याच असतात, त्यांस हा धोका विशेष. म्हणून फुलोऱ्यांत फवारणी टाळावी. टाळणें अशक्य असेल तर माश्यांस कमींत कमी अपाय करणारें औषध निवडून, माश्या परतल्यावर तिन्हीसांजेस फवारावें, आणि पेटीवाल्यास निदान आदल्या दिवशीं कळवावें. शेजारच्या शेतकऱ्यासही ही विनंती करावी. कारण माशीस बांध ही खूण आहे, हद्द नव्हे.

उपसंहार

मधमाशीपालनाची माहिती आतां शेतकऱ्यास दुर्मिळ राहिलेली नाहीं. पुणें येथें केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालीं स्थापन झाली. महाबळेश्वराच्या डोंगरांत हा धंदा पिढ्यांचा आहे, आणि तेथील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. पेट्या, राणी, मध काढण्याचीं यंत्रें, यांविषयीं शिकविणारे पुष्कळ आहेत. आम्हीं या पाठांत एकाच गोष्टीवर भर दिला तो एवढ्यासाठीं कीं, तीस पैसा लागत नाहीं; लागतें तें थोडें लक्ष.

वाचकांपैकीं ज्यांच्या शेतांत पेट्या आहेत, त्यांनीं एखाद्या उन्हाच्या दुपारीं पेटीच्या बाजूस, दारासमोर न येतां, घटकाभर बसून पाहावें. दाराकडे तोंड करून झुलणाऱ्या तरण्या माश्या दिसतील. त्या पेटीची लांकडें पाहत नसतात. मागचें झाड, बाजूचा खांब, पलीकडचा बांध पाहत असतात. जोंवर ही मांडणी जागेवर आहे तोंवर त्यांचें घर जागेवर आहे. ती न मोडणें हेंच भाड्याच्या पेटीचें पहिलें रक्षण, आणि पिकाचें दाणें व फळ वाढविण्याचा बिनखर्ची उपाय होय.